प्रकाशकिरणांची वाकडी वाट

रत्नागिरीचा रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. त्याच्या दीपस्तंभापाशी उभे राहून पश्चिमेकडे पाहिले असता अरबी समुद्राचे अफाट पाणी दृष्टीस पडते. पावसाळा सरल्यावर आकाश निरभ्र होते. अशा सायंकाळी सूर्याचे तांबडे बिंब हळूहळू खाली उतरते आणि पाण्याला टेकते. टेकता टेकता त्याचा वाटोळेपणा नाहीसा होतो. कोणी वरून दाबल्याप्रमाणे ते चपटे दिसू लागते. काही क्षणांनी ते बुडते आणि पाहणारे लोक म्हणतात, “सूर्य मावळला.”

“दिसते तसे नसते” ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, त्या वेळी खरा सूर्य संपूर्णपणे क्षितिजाखाली गेलेला असतो. आपण पाहतो ती त्याची वर उचललेली प्रतिमा होय. पृथ्वीभोवतीचे वातावरण खाली दाट आणि वर विरळ असते. त्यातून तिरपा येणारा प्रकाशकिरण सरळ न येता किंचित वाकतो. क्षितिजापाशी हे वाकणे सुमारे ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक असते. सूर्यबिंबाची रुंदी सुमारे ३२ कला आहे. म्हणजे बिंबाच्या रुंदीहूनही अधिक उंचीवर सूर्य उचललेला दिसतो. खालच्या कडेचे किरण वरच्या कडेच्या किरणांहून अधिक वाकतात. म्हणून खालची कड अधिक उचलली जाते आणि बिंब चपटे दिसते.

याचा पडताळा घरीही पाहता येतो. एका खोलगट वाटीच्या तळाशी एक नाणे ठेवावे आणि वाटीच्या काठाआड ते जेमतेम दिसेनासे होईल इतके मागे सरावे. मग दुसऱ्या कोणास वाटीत सावकाश पाणी ओतण्यास सांगावे. नाणे जागचे हललेले नसते, तरी ते दिसू लागते. पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो आणि आपला डोळा मात्र तो सरळच आला असे समजून नाण्याची जागा ठरवतो. प्रकाश पदार्थातून जाताना वाकतो, यास वक्रीभवन म्हणतात. या वक्रीभवनाची एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सर्व रंग सारखे वाकत नाहीत. काचेच्या लोलकातून जाताना जांभळा रंग अधिक वाकतो आणि तांबडा कमी. म्हणूनच पांढऱ्या प्रकाशाचे सात रंग वेगळे होतात. पदार्थ प्रकाशाला वाकवतो तेव्हा तो रंगारंगांत असा भेद करतो.

प्रकाशाला वाकवण्याची दुसरीही एक रीत सृष्टीत आहे. तिला पाणी, काच किंवा हवा लागत नाही. केवळ वजनदार वस्तू जवळ असणे तिला पुरते. आल्बर्ट आइन्स्टाइन या शास्त्रज्ञाने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्याअन्वये सूर्याच्या कडेजवळून जाणारा ताऱ्याचा किरण सूर्याकडे १.७५ विकला इतका वाकला पाहिजे. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला होतात, हे लक्षात घेतले म्हणजे हे वळण किती सूक्ष्म आहे याची कल्पना येईल. २९ मे १९१९ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्या वेळी आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर आणि ब्राझीलमधील सोब्राल गावी इंग्रज ज्योतिर्विदांनी सूर्याभोवतीच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेतली. प्रिन्सिपे येथील पथकाचे प्रमुख आर्थर एडिंग्टन हे होते. ताऱ्यांच्या जागा सरकलेल्या आढळल्या आणि आइन्स्टाइनच्या सिद्धान्तास पुष्टी मिळाली.

गुरुत्वाकर्षणाने होणाऱ्या या वळणाचीही एक खूण आहे. ते रंगभेद जाणत नाही. तांबडा प्रकाश असो, जांभळा असो किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरी असोत, एकाच वाटेने जाणाऱ्या सर्वांना ते अगदी सारखे वळवते. या दोन खुणा ध्यानात असल्या म्हणजे पुढचे विवेचन सोपे होईल. पदार्थ भेद करतो; गुरुत्वाकर्षण भेद करीत नाही.

आता विश्वातील सर्वांत चमत्कारिक वस्तूकडे, म्हणजे कृष्णविवराकडे वळू. फार मोठे वस्तुमान अतिशय लहान जागेत दाटले, म्हणजे तेथील गुरुत्वाकर्षण इतके प्रबळ होते की विशिष्ट मर्यादेच्या आत गेलेला प्रकाशही परत बाहेर येऊ शकत नाही. आपला सूर्य दाबून दाबून सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसवता आला, तर त्याचे कृष्णविवर होईल. अशा वस्तूच्या जवळून जाणारे किरण सूर्याजवळच्या किरणांप्रमाणे विकलाभर वाकून थांबत नाहीत. काही किरण पुरते मागे वळतात. काही तर त्या विवराभोवती प्रदक्षिणा घालून मग निसटतात. एखादे भिंग जसे प्रकाश गोळा करते, पसरवते आणि प्रतिमा निर्माण करते, तसेच हे गुरुत्वाकर्षणही करते. म्हणून त्यास गुरुत्वीय भिंग असे नाव मिळाले आहे.

पुस्तकातील आकृतीत कृष्णविवर एकटे दाखवलेले असते. प्रत्यक्षात ते क्वचितच एकटे असते. त्याच्याभोवती तापलेला वायू गरगर फिरत असतो, धूळ असते, तारे असतात. मग प्रश्न असा उद्भवतो की, दूरवरून आलेला किरण वाकलेला आढळला, तर त्या वाकण्यातील किती भाग कृष्णविवराचा आणि किती भाग त्याच्या परिवाराचा? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. वाकण्यावरून कृष्णविवराचे वस्तुमान ठरवायचे असते आणि आइन्स्टाइनचा सिद्धान्त खरा की खोटा याचीही परीक्षा त्यावरूनच व्हायची असते. परिवाराचे काम विवराच्या नावावर मांडले गेले, तर खऱ्या सिद्धान्ताला खोटे आणि खोट्याला खरे म्हणण्याचा प्रसंग येईल.

हा परिवार तीन प्रकारचे काम करतो. तो दिवा होतो, तो पडदा होतो आणि तो वजनही होतो. या तिन्हींचा विचार क्रमाने करू.

प्रथम दिव्याविषयी. कृष्णविवर स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्याभोवती काहीच नसते, तर अंधाऱ्या खोलीतील काळ्या मांजराप्रमाणे ते आपल्या दृष्टीस पडणे कठीण झाले असते. परंतु विवराकडे ओढला जाणारा वायू घर्षणाने अतिशय तापतो आणि तेजस्वी होतो. या तेजाच्या पार्श्वभूमीवर विवराची छाया दिसते. एम ८७ नावाच्या दीर्घिकेच्या केंद्रात असे एक प्रचंड कृष्णविवर आहे. ते आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे. पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतील आठ रेडिओ दुर्बिणींनी २०१७ साली एकाच वेळी त्याचा वेध घेतला आणि १० एप्रिल २०१९ रोजी त्याचे चित्र जगापुढे ठेवण्यात आले. त्या चित्रात एक तेजस्वी कडे दिसते आणि कड्याच्या मध्यभागी काळोख दिसतो. कड्याची रुंदी विकलेच्या दशलक्षांश भागांत मोजली, तर असे सुमारे ४२ भाग भरतात.

मधला काळोख म्हणजेच कृष्णविवर, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण येथेही दिसते तसे नसते. ज्या मर्यादेतून प्रकाश सुटत नाही, तिच्या रुंदीच्या अडीच पटींहून थोडी अधिक रुंदी या छायेची असते. कारण मर्यादेबाहेरून पण फार जवळून जाऊ पाहणारे किरणही वळून आत गडप होतात. हे गुरुत्वीय भिंगाचे काम झाले. परंतु त्या कड्याची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक उजळ आहे. ते मात्र भोवतालच्या पदार्थाचे काम होय. तेथील वायू प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल इतक्या वेगाने फिरत असतो. ज्या बाजूने तो आपल्याकडे येतो, ती बाजू अधिक तेजस्वी दिसते. अशा रीतीने एकाच चित्रात छायेचा आकार विवराची हकिकत सांगतो आणि कड्याचा उजेड परिवाराची. चित्र वाचणाऱ्यास दोन्ही लिपी ठाऊक असाव्या लागतात.

आता पडद्याविषयी. अतिशय तापलेल्या वायूतील अणू मोडतात आणि त्यांतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूस प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मासुद्धा रेडिओ लहरींना वाकवतो. पण त्याची रीत काचेच्या उलट आहे. काचेचे बहिर्गोल भिंग किरणांना एकत्र आणते. मध्ये दाट आणि बाहेर विरळ असा प्लाझ्माचा गोळा किरणांना बाहेर लोटतो. म्हणजे एकाच ठिकाणी कृष्णविवर किरणाला आपल्याकडे ओढत असते आणि त्याच्याभोवतीचा प्लाझ्मा त्याला दूर ढकलीत असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर प्लाझ्माचा हा परिणाम नगण्य असतो. परंतु लहर जसजशी लांब होत जाते, तसतसा तो झपाट्याने वाढतो. लहरीची लांबी दुप्पट झाली, तर परिणाम चौपट होतो. तिप्पट झाली, तर नऊपट होतो.

हाच नियम शास्त्रज्ञांच्या हातातील किल्ली ठरला. तिचा उपयोग प्रथम आपल्या सूर्याच्या बाबतीत करण्यात आला. सूर्याभोवतीही प्लाझ्माचे विरळ आवरण असते. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती जी रुपेरी प्रभा दिसते, ती त्याचीच. १९७४ व १९७५ साली अमेरिकेतील ग्रीन बँक येथे एडवर्ड फोमालाँट आणि रिचर्ड स्रामेक यांनी सूर्याजवळून येणाऱ्या रेडिओ लहरींचे वळण मोजले. त्यांना आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची परीक्षा घ्यायची होती, पण सूर्याची प्रभा मध्ये पडदा धरून उभी होती. म्हणून त्यांनी एका ऐवजी दोन लांबींच्या लहरी वापरल्या. एक सुमारे ११ सेंटिमीटर लांबीची, तर दुसरी सुमारे ३.७ सेंटिमीटर लांबीची. पहिली दुसरीच्या तिप्पट होती. तेव्हा प्लाझ्माचा परिणाम पहिलीवर दुसरीच्या नऊपट होणार आणि गुरुत्वाकर्षणाचा मात्र दोहींवर सारखाच होणार, हे उघड होते.

पुढचे गणित साधे आहे. आखूड लहरीवर प्लाझ्माचा परिणाम एक भाग धरला, तर लांब लहरीवर तो नऊ भाग होतो. दोन्ही लहरींच्या वळणांत जो फरक आढळेल, तो आठ भागांचा होय. त्या फरकाचा आठवा हिस्सा काढला, की एका भागाचे मोल कळते. प्लाझ्मा किरणाला बाहेर लोटत असल्यामुळे आखूड लहरीचे वळण तेवढ्या भागाने कमी भरलेले असते. तो भाग त्यात मिळवला, म्हणजे शुद्ध गुरुत्वाकर्षणाचे वळण हाती येते. या रीतीने काढलेले उत्तर आइन्स्टाइनच्या आकड्याशी सुमारे शेकडा एक इतक्या अचूकतेने जुळले. दूध आणि पाणी एकत्र केले, तरी हंस त्यांतून दूध तेवढे वेगळे करतो, असे आपले कवी म्हणत आले. शास्त्रज्ञांनी येथे केलेला नीरक्षीरविवेक कल्पनेतला नसून आकड्यांचा होता.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही एक कृष्णविवर आहे. ते सुमारे २७,००० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लक्ष पटींहून थोडे अधिक आहे. त्याच्या आणि आपल्या दरम्यान सुट्या इलेक्ट्रॉनांचे ढग पसरलेले आहेत. धुक्यातून दिवा पाहिला असता त्याची ज्योत न दिसता उजेडाचा एक गोळा तेवढा दिसतो. त्याप्रमाणे लांब रेडिओ लहरींनी पाहिले असता हे केंद्र पसरट आणि अस्पष्ट दिसते. येथेही अस्पष्टता लहरीच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून शास्त्रज्ञांनी अवघ्या १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरी निवडल्या. त्या लहरींना हे धुके फारसे अडवू शकत नाही. १२ मे २०२२ रोजी या विवराचेही चित्र प्रसिद्ध झाले.

लांब लहरींची अडचण महाराष्ट्रातील ज्योतिर्विदांच्या चांगल्या परिचयाची आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ती बनलेली आहे. तिची उभारणी गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली झाली. ही दुर्बीण मुख्यतः लांब लहरींसाठीच बांधलेली आहे. काही लहरी तर दोन मीटरांहूनही लांब असतात. अशा लहरींना दूरच्या ढगांनीच नव्हे, तर पृथ्वीच्या वातावरणाच्या अगदी वरच्या थरातील सुट्या इलेक्ट्रॉनांनीही वाट चुकवलेली असते. तो दोष दूर केल्यावाचून तेथील निरीक्षणांचे स्पष्ट चित्र तयार होत नाही.

तिसरे काम वजनाचे. हे समजण्यास रत्नागिरीच्या हापूस आंब्याचे उदाहरण पुरे आहे. आंब्यांची पेटी काट्यावर ठेवली असता काटा केवळ आंब्यांचे वजन सांगत नाही. त्यात लाकडी फळ्यांचे, आतील पेंढ्याचे आणि खिळ्यांचेही वजन मिसळलेले असते. तेल तोलण्यापूर्वी वाणी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, म्हणजे भांड्याइतके वजन दुसऱ्या पारड्यात आधीच घालतो. मग जे तोलले जाते, ते निव्वळ तेल असते. गुरुत्वीय भिंगाच्या बाबतीतही असेच आहे. किरणाच्या वाटेच्या आत जेवढे म्हणून वस्तुमान असेल, तेवढे सर्व मिळून त्या किरणाला वाकवते. त्यातून कृष्णविवराचे वजन काढायचे, तर आधी भोवतालच्या ताऱ्यांचा, वायूचा आणि न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा धडा करावा लागतो.

आकाशगंगेच्या केंद्रापाशी हा धडा फार हलका आहे. तेथे एस २ नावाचा तारा कृष्णविवराभोवती सुमारे सोळा वर्षांत एक फेरी पुरी करतो. २०१८ साली तो विवराच्या अगदी जवळून गेला. त्याच्या वाटचालीवरून असे दिसून आले की, त्याच्या कक्षेच्या आत विवराखेरीज जे काही असेल, ते विवराच्या वजनाच्या सहस्रांशाहूनही कमी आहे. परंतु दूरच्या दीर्घिकांत परिवार फार मोठा असतो. तेथे पेटीच आंब्यांहून कित्येक पटींनी जड! मग त्या पेटीत खोलवर ठेवलेला एकच आंबा कसा तोलावा?

या प्रश्नाचा विचार मुंबईत झाला, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे. १९७९ साली डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वायमन यांना आकाशात एकमेकांपासून सुमारे ६ विकलांवर दोन क्वासार दिसले. क्वासार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचे अत्यंत तेजस्वी केंद्र. या दोघांचा प्रकाश तपासता तो इतका सारखा निघाला की, हे दोन नसून एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा आहेत, असा निष्कर्ष निघाला. मध्ये असलेल्या एका दीर्घिकेने आणि तिच्याभोवतीच्या दीर्घिकासमूहाने मिळून भिंगाचे काम केले होते. गुरुत्वीय भिंगाचे हे पहिले प्रत्यक्ष उदाहरण ठरले. त्या काळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जयंत नारळीकर आणि शशिकुमार चित्रे हेही गुरुत्वीय भिंगांचा विचार करीत होते.

परंतु या शोधाबरोबरच एक कोडे उभे राहिले. दीर्घिकेचे वस्तुमान सलगपणे पसरलेले असेल, तर तिने निर्माण केलेल्या प्रतिमांची संख्या विषम असली पाहिजे, असे गणित सांगते. प्रतिमा तीन असाव्यात किंवा पाच असाव्यात. प्रत्यक्षात मात्र दोनच दिसत होत्या. पुढे अशी आणखी भिंगे सापडली. त्यांतही बहुधा दोन किंवा चार प्रतिमा आढळत. दीर्घिकेच्या केंद्राजवळ असावयास हवी असलेली एक प्रतिमा प्रत्येक वेळी बेपत्ता असे.

१९८६ साली टाटा संस्थेतील डी. नरसिंह, के. सुब्रमणियन आणि शशिकुमार चित्रे यांनी या बेपत्ता प्रतिमेचा विचार केला. त्यांच्या विवेचनाचे सार असे होते. दीर्घिकेच्या मध्यभागी वस्तुमान विरळ पसरलेले असेल, तर तेथून येणारे किरण जवळजवळ सरळ येतात आणि मधली प्रतिमा चांगली उजळ दिसते. परंतु केंद्रात वस्तुमान घट्ट दाटलेले असेल, तर मधल्या किरणांची पांगापांग होते. मधली प्रतिमा लहान आणि मंद होत जाते. केंद्र पुरेसे जड आणि घट्ट असेल, तर ती दिसेनाशी होते. म्हणजे प्रतिमा न दिसणे हाही एक पुरावाच होता! केंद्रात काय दडले आहे आणि त्याच्याभोवती पदार्थ कसा पसरला आहे, याची साक्ष ती न दिसणारी प्रतिमा देत होती.

हा साक्षीदार पुढे एकदा प्रत्यक्ष सापडला. ‘पी.एम.एन. जे १६३२-००३३’ असे लांबलचक नाव असलेल्या एका भिंगात दोन ठळक प्रतिमांच्या मध्ये एक अत्यंत मंद रेडिओ ठिपका दिसत होता. ती तिसरी प्रतिमा असेल, किंवा मधल्या दीर्घिकेचेच स्वतःचे तेज असेल. निर्णय कसा करावयाचा? जोशुआ विन, डेव्हिड रूसिन आणि ख्रिस्तोफर कोचानेक यांनी येथे तीच जुनी खूण वापरली. गुरुत्वाकर्षण लहरीलहरीत भेद करीत नाही. म्हणून तो ठिपका खरोखर प्रतिमा असेल, तर प्रत्येक लांबीच्या लहरीत इतर प्रतिमांशी त्याच्या तेजाचे प्रमाण एकच असले पाहिजे. आखूड लहरींत ते प्रमाण जुळले. सर्वांत लांब लहरीत मात्र ठिपका अपेक्षेपेक्षा मंद निघाला. पण हा फरकही अर्थपूर्ण होता. दीर्घिकेच्या केंद्राजवळचा प्लाझ्मा लांब लहरींचा काही भाग गिळून टाकतो, असे मानले, की हिशेब पुरा जुळत होता. २००४ साली त्यांनी ही तिसरी प्रतिमाच असल्याचे जाहीर केले. तिच्या तेजावरून त्या दूरच्या दीर्घिकेतील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या २० कोटी पटींहून अधिक नसावे, असेही त्यांना सांगता आले.

या एका मंद ठिपक्यात कृष्णविवर आणि त्याचा परिवार यांच्या हकिकती एकत्र विणलेल्या होत्या. ठिपका इतका मंद का, याचे उत्तर केंद्रात दाटलेल्या वजनाने दिले. लांब लहरीत तो आणखी मंद का, याचे उत्तर केंद्राभोवतीच्या प्लाझ्माने दिले. शास्त्रज्ञांनी एकाच लहरीवर विसंबून निर्णय दिला असता, तर खऱ्या प्रतिमेला त्यांनी खोटी ठरवले असते.

पूर्वी भोवतालच्या पदार्थाकडे केवळ अडथळा म्हणून पाहिले जात असे. तो नसता तर निरीक्षण किती स्वच्छ झाले असते, असे वाटणे साहजिक होते. परंतु आता त्याचे दुसरे रूप ध्यानात आले आहे. जो पदार्थ किरणाची वाट बिघडवतो, तोच आपल्या घनतेची, तपमानाची आणि वजनाची वार्ताही त्या किरणाबरोबर पाठवतो. अट एवढीच की, ती वार्ता वाचणाऱ्याने प्रत्येकाचा वाटा प्रामाणिकपणे निराळा मांडावा. त्यासाठी एका लहरीने दिलेली साक्ष दुसऱ्या लहरीच्या साक्षीशी ताडून पाहावी आणि दोहींत फरक पडला, तर तो लपवू नये. कारण अनेकदा नवे ज्ञान नेमके त्या फरकातच दडलेले असते.

शशिकुमार चित्रे २०२१ साली आणि जयंत नारळीकर २०२५ साली निवर्तले. त्यांनी ज्या विषयाचा विचार केला, तो विषय मात्र आता वेगाने वाढत आहे. दरवर्षी आकाशात नवी गुरुत्वीय भिंगे सापडत आहेत आणि प्रत्येकाच्या मध्यभागी एका मंद, बहुधा न दिसणाऱ्या प्रतिमेची जागा आहे. त्या जागी नीट पाहण्याचे काम पुढच्या पिढीकडे आले आहे.